भांडायलाही शेजार लागतो

२०२४ सालच्या नोव्हेंबरात मी टेक्सासमध्ये, ऑस्टिनला मुलीकडे होतो. तिच्या शेजारी ब्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त इंजिनीअर एकटेच राहतात. ३० तारखेच्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी आम्हांला फुटबॉलचा सामना पाहायला बोलावले. त्या दिवशी गावात दुसरा विषयच नव्हता. टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम हे दोन जुने हाडवैरी तब्बल तेरा वर्षांनी मैदानात समोरासमोर येत होते. ज्याच्या त्याच्या अंगात नारिंगी नाही तर तपकिरी-लाल सदरा. आमच्या यजमानांच्या डोक्यावर मात्र निळी टोपी होती.

मी सहज विचारले, "तुमचा पक्ष कोणता?"

त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. तीवर घुबडाचे चित्र होते. म्हणाले, "ह्यूस्टनचे राइस. माझे कॉलेज. या दोघांच्या बरोबरीने आम्ही एका घरात ऐंशी वर्षे नांदलो. घर मोडले तेव्हा ते गेले मोठ्या वाड्यात, आणि आम्ही राहिलो रस्त्यावर."

त्या मोडलेल्या घराचे नाव 'साउथवेस्ट कॉन्फरन्स', म्हणजे नैऋत्येकडच्या कॉलेजांचा जथा. सामना सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्या वेळात, आणि पुढे तीन-चार संध्याकाळी त्यांच्याच ओसरीवर बसून, मी त्याची हकीगत ऐकली. काही मागाहून वाचून ताडून पाहिली. आपल्याकडच्या वाचकांना हा विषय अगदीच परका वाटेल. पण माझ्यासारख्या इंदूरकराला त्यात ओळखीचे दुःख दिसले, म्हणून हे लिहितो.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचे काम बेताचेच असते. लांबट चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या अकरा दांडग्यांतून वाट काढायची, नाही तर तो लांब फेकायचा आणि आपल्या गड्याने झेलायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर डाव तुमचाच राहतो, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे जातो. हुतुतूतली धरपकड आठवा आणि तिला सेनापतीची आखणी जोडा, म्हणजे साधारण कल्पना येईल. तिकडे हा खेळ आधी कॉलेजांचा आणि मग धंदेवाईक संघांचा. डॅलस आणि ह्यूस्टन या शहरांत धंदेवाईक संघांनी खऱ्या अर्थाने मूळ धरले ते १९६० मध्ये. तोवर टेक्सासच्या शेतकऱ्यापासून तेलवाल्यापर्यंत प्रत्येकाला शनिवारी दुपारी कोणत्या तरी कॉलेजाचाच अभिमान असे. मग त्याने त्या कॉलेजाची पायरी चढलेली असो वा नसो.

कॉन्फरन्स म्हटले की आपल्याला व्याख्याने आणि ठराव आठवतात. इथे अर्थ निराळा आहे. जवळपासच्या कॉलेजांनी एकत्र येऊन नियम एक करायचे, वेळापत्रक एक करायचे, आपापसांत खेळून वर्षाचा विजेता ठरवायचा, एवढाच तो संसार.

तो मांडावा लागला याचे कारण मोठे मजेचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या खेळात पोटभरू खेळाडूंचा सुळसुळाट झाला होता. आज या कॉलेजात नाव घालायचे, उद्या त्या. काहींना तर वर्गाची दिशाही ठाऊक नसे. त्यातच १९११ साली ह्यूस्टनला झालेल्या टेक्सास आणि ए अँड एम यांच्या सामन्यात आणि सामन्यानंतर इतकी हाणामारी झाली, की टेक्सास विद्यापीठाने दुसऱ्या पक्षाशी खेळण्याचे संबंधच तोडले. १९१२, १३ आणि १४ ही तिन्ही वर्षे सामना झाला नाही. मग टेक्सास विद्यापीठाचे क्रीडाप्रमुख एल. थिओ बेलमाँट यांनी पुढाकार घेतला. १९१४ च्या मे महिन्यात डॅलसला प्राथमिक बैठक झाली, आणि ८ डिसेंबरला ह्यूस्टनच्या राइस हॉटेलात आठ संस्थांनी कॉन्फरन्स स्थापन केली: टेक्सास, ए अँड एम, बेलर, राइस, साउथवेस्टर्न, आर्कान्सा, ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा ए अँड एम. १९१५ साली पहिला हंगाम झाला. त्याच वर्षी ते दोन रुसलेले पक्ष पुन्हा खेळले. ए अँड एमने घरच्या मैदानावर १३-० असा विजय मिळवला.

यजमान म्हणाले, "लोकांना वाटते, कॉन्फरन्स खेळासाठी काढली. अहो, ती भांडण पुन्हा चालू करण्यासाठी काढली!"

त्यांचा विनोद मला पुढे फार वेळा आठवला. नियम नसलेले भांडण तीन वर्षे तुटले होते. तेच भांडण कॉन्फरन्सच्या छपराखाली आल्यावर पुढे ऐंशी वर्षे दरसाल न चुकता झाले.

पहिल्या दहा वर्षांत काही जण गेले, काही नवे आले. डॅलसचे सदर्न मेथडिस्ट १९१८ साली आले, फोर्ट वर्थचे टेक्सास ख्रिश्चन १९२३ साली. ओक्लाहोमाची दोन्ही विद्यापीठे १९२५ पर्यंत बाहेर पडली. राहिले सात. त्यानंतर बरीच वर्षे हे सातांचेच कुटुंब होते. त्यात सरकारी विद्यापीठ होते, शेतकी-लष्करी कॉलेज होते, बाप्टिस्टांचे बेलर होते, मेथडिस्टांचे विद्यापीठ होते. आणि राइस होते, जिथे १९६० नंतरची काही वर्षे उलटेपर्यंत विद्यार्थ्याकडून फी म्हणून छदामही घेत नसत. आर्कान्सा एवढे एकच राज्याबाहेरचे, त्यामुळे त्याची ईर्षा सर्वांत तिखट. पुढे १९५६ मध्ये लबकच्या टेक्सास टेकला प्रवेश मिळाला, १९७१ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाला. म्हणजे शेवटी नऊ झाले.

टेक्सास राज्य महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे; तरी ऑस्टिनहून ए अँड एमचे गाव इंदूरहून भोपाळाइतकेही दूर नाही. सामन्याला सारे गाव मोटारी घेऊन जाई आणि रात्री परत येई. ज्यांना जाता येत नसे, त्यांच्यासाठी रेडिओ होता. हंबल ऑइल या तेल कंपनीच्या आश्रयाने होणारी सामन्यांची समालोचने आणि केर्न टिप्स यांचा आवाज हे तिकडच्या दोन पिढ्यांचे शनिवारचे पक्वान्न होते. आमच्या यजमानांचे वडील शेतावर ट्रॅक्टर थांबवून मोटारीतला रेडिओ ऐकत उभे राहत, असे त्यांनी सांगितले.

खेळही तसाच रंगे. ३० नोव्हेंबर १९३५ ला फोर्ट वर्थमध्ये सदर्न मेथडिस्ट आणि टेक्सास ख्रिश्चन हे दोन अपराजित संघ भिडले. वीस-चौदा असा निकाल लागून मेथडिस्ट थेट कॅलिफोर्नियाच्या रोझ बोलला गेले. १९३८ साली टेक्सास ख्रिश्चन आणि १९३९ साली ए अँड एम देशातले सर्वश्रेष्ठ ठरले. डॅलसला १९३७ पासून 'कॉटन बोल' हा नववर्षाचा सामना भरू लागला, आणि १९४१ पासून कॉन्फरन्सचा विजेता हाच त्याचा यजमान संघ झाला. महायुद्धानंतर मेथडिस्टांच्या डोक वॉकरला पाहायला एवढी गर्दी लोटू लागली, की १९४८ आणि ४९ साली त्या मैदानावर मजले चढवावे लागले.

या भांडणात किती जवळीक होती याची एक खूण सांगतो. ए अँड एमच्या रणगीतात टेक्सास विद्यापीठाला निरोप दिलेला आहे, आणि टेक्सासच्या गाण्यात ए अँड एमला. आपला जयजयकार करतानाही दुसऱ्याचे नाव घेतल्यावाचून यांचे गाणे पुरे होत नाही.

पण हे घर सर्वांचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९६६ पर्यंत कॉन्फरन्सच्या एकाही संघात काळ्या वर्णाचा खेळाडू मैदानात उतरला नव्हता. त्या वर्षी बेलरकडून जॉन वेस्टब्रुक आणि मेथडिस्टांकडून जेरी लेव्हायस हे दोघे खेळू लागले. लेव्हायस हा कॉन्फरन्समध्ये शिष्यवृत्ती मिळालेला पहिला काळा खेळाडू. धमक्या आणि शिव्या त्याच्या रोजच्या झाल्या. १९६८ च्या एका सामन्यात प्रतिस्पर्धी त्याच्या तोंडावर थुंकला. तो मैदान सोडून बाकावर येऊन बसला, म्हणाला, आता पुरे. थोड्या वेळाने तो आपणहून उठला, उडवलेला चेंडू झेलून एकोणनव्वद यार्ड धावला, आणि सामना जिंकून दिला. ही हकीगत सांगताना आमचे यजमान जरा थांबले. म्हणाले, "मी त्या काळाची आठवण काढून हळहळतो, तेव्हा ज्यांना आम्ही दाराबाहेर ठेवले होते त्यांना काय वाटत असेल, हे माझ्या मनात फार उशिरा आले."

कॉन्फरन्सच्या वैभवाचा कळस म्हणजे ६ डिसेंबर १९६९. टेक्सास देशात पहिले, आर्कान्सा दुसरे, दोन्ही अपराजित. सामना फेयेटव्हिलला होता आणि अध्यक्ष निक्सन जातीने हजर होते. तीन चतुर्थांश खेळ होईपर्यंत आर्कान्सा चौदा-शून्य असे पुढे होते. शेवटी टेक्सासने पंधरा-चौदा असा सामना ओढून नेला. या सामन्यातली एक गोष्ट त्या वेळी फारशी कोणाला खुपली नाही. तो एरवीप्रमाणे ऑक्टोबरात व्हायचा होता. टेलिव्हिजन कंपनीने सुचवले म्हणून हंगामाच्या शेवटी नेला. घरच्या लग्नाचा मुहूर्त मंडपवाल्याने ठरवावा, तशातलाच हा प्रकार. आणि घरच्यांना तो आवडलाही.

पुढचे सारे या मुहूर्ताच्या वाटेनेच घडले. तोवर टेलिव्हिजनवर कोणाचे किती सामने दाखवायचे, हे कॉलेजांची राष्ट्रीय संघटना ठरवीत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला, आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो त्यांच्या बाजूने निकालात काढला. ज्याने त्याने आपला माल आपण विकावा, अशी मोकळीक झाली. आता ज्याच्या जथ्यात जास्त राज्ये, त्याला प्रेक्षक जास्त आणि पैसाही जास्त. आपली कॉन्फरन्स जवळजवळ एकाच राज्याची. शेजार हे तिचे बळ होते, बाजारात तेच तिचे वैगुण्य ठरले.

घरातही काही कमी बिघाड नव्हता. खेळाडूंना चोरून पैसे देण्याची चढाओढ लागली होती, आणि ऐंशीच्या दशकात निम्म्याहून अधिक सभासदांवर शिक्षेची कारवाई झाली. सदर्न मेथडिस्टांनी तर एकदा पकडले गेल्यावरही पैसे देणे चालू ठेवले. २५ फेब्रुवारी १९८७ ला त्यांचा त्या वर्षीचा हंगामच रद्द झाला. पुढचे वर्षही ते खेळू शकले नाहीत. त्यांच्या नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष बिल क्लेमेंट्स त्या वेळी टेक्सासचे गव्हर्नर होते. पैसे चालू ठेवण्याचा निर्णय आपल्या संमतीने झाला, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. एकमेकांच्या कागाळ्या करण्यात शेजाऱ्यांनी कसर ठेवली नाही, आणि राज्यातली गुणी पोरे परराज्यांत जाऊ लागली.

पहिले पाऊल बाहेर टाकले आर्कान्साने, १९९० च्या ऑगस्टात. ते आग्नेयेकडच्या श्रीमंत कॉन्फरन्समध्ये जाणार असे जाहीर झाले. निर्णय घेणारे क्रीडाप्रमुख होते फ्रँक ब्रॉइल्स, म्हणजे १९६९ चा तो सामना एका गुणाने हरलेले प्रशिक्षक. टेक्सासचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल आणि ते मैदानावरचे वैरी, बाहेरचे जिवलग मित्र. १९७६ साली परस्परांविरुद्धचा सामना खेळूनच दोघांनी प्रशिक्षकपद सोडले होते. राज्याबाहेरचा एकुलता एक सोबती गेल्यावर उरले आठ, तेही एकाच राज्यातले. १९९४ च्या फेब्रुवारीत चौघांना उत्तरेकडच्या 'बिग एट'कडून बोलावणे आले: टेक्सास, ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर. शेवटच्या दोघांची वर्णी राज्यातल्या बड्या राजकारण्यांच्या आग्रहाने लागली, असे तिकडे सर्रास सांगतात. राइस, ह्यूस्टन, सदर्न मेथडिस्ट आणि टेक्सास ख्रिश्चन या चौघांना कोणी विचारले नाही.

इथे आमच्या यजमानांनी आत जाऊन एक जुने तिकीट आणले. पण त्याआधी त्यांनी १९६२ ची गोष्ट सांगितली. १२ सप्टेंबरला रणरणत्या उन्हात अध्यक्ष केनेडी राइसच्या मैदानावर चंद्रावर जाण्यासंबंधी बोलले. अवघड गोष्टी माणूस का करतो हे सांगताना त्यांनी मध्येच विचारले, राइस टेक्सासशी का खेळते? सारे मैदान हसले, आणि आमचे यजमान, त्या वेळचे वीस वर्षांचे विद्यार्थी, त्यांच्यात होते. सहा आठवड्यांनी त्याच मैदानावर राइसने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या टेक्सासला चौदा-चौदा असे बरोबरीत रोखले. १९६५ साली तर हरवलेच. त्यानंतर मात्र ओळीने अठ्ठावीस पराभव झाले.

तिकीट होते १६ ऑक्टोबर १९९४ चे. घर मोडणार हे जाहीर होऊन आठ महिने झाले होते. रविवारची रात्र, पाऊस कोसळत होता. राइसने टेक्सासला एकोणीस-सतराने हरवले. त्या वर्षी ए अँड एम शिक्षेमुळे स्पर्धेबाहेर होते आणि पाच संघ बरोबरीने विजेते ठरले. त्यांत १९५७ नंतर प्रथमच राइसचे नाव होते. यजमान म्हणाले, "अठ्ठावीस वर्षे हरत होतो, तरी दरवर्षी जात होतो. हरणाऱ्याला पुढच्या वर्षाची खात्री लागते, दुसरे काही नको. ती खात्रीच त्यांनी काढून घेतली."

कॉन्फरन्सचा फुटबॉलचा शेवटचा सामना २ डिसेंबर १९९५ ला राइसच्या मैदानावर झाला. ह्यूस्टनने तो अठरा-सतराने जिंकला. १९९६ च्या उन्हाळ्यात कार्यालय बंद झाले.

मग मी त्यांना आमच्या होळकर संघाची गोष्ट सांगितली. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत रणजी करंडकाच्या दहा अंतिम फेऱ्या आणि चार विजय, सी. के. नायडूंचे नेतृत्व, मुश्ताक अलींची फलंदाजी, सरवटे आणि हिरालाल गायकवाड यांची गोलंदाजी. १९४५ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन आमच्याकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा करूनही मुंबईकडून आम्ही हरलो, हे ऐकून ते खूश झाले. संस्थान १९४८ मध्येच मध्य भारतात विलीन झाले होते, तरी संघ काही वर्षे जुन्या नावाने चालला. १९५५ मध्ये इंदूरलाच मद्रासविरुद्ध अंतिम सामना हरून ते नाव संपले. माझे वडील तो सामना पाहून आले, तेव्हा घरात चूल पेटली नाही असे आई सांगे. आमचा संघ राजवट बदलली म्हणून गेला, त्यांचा बाजार बदलला म्हणून. विलीनीकरण योग्यच होते, याबद्दल वडिलांच्या मनात कधी शंका नव्हती. तरी पुढे मध्य प्रदेशचा संघ खेळे, तेव्हा ते धावसंख्या विचारीत, पण पूर्वीसारखे जागत नसत. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशने मुंबईलाच हरवून करंडक प्रथमच जिंकला, ते पाहायला ते नव्हते. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी पेढे वाटले आणि नाव घेतले ते होळकरांचे.

तिकडे त्या नऊ जणांची पांगापांग झाली. टेक्सास ख्रिश्चनने सोळा वर्षांत तीन घरे बदलली, मग २०१२ मध्ये त्यांना 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये जागा मिळाली. ह्यूस्टनला २०२३ मध्ये. डॅलसचे मेथडिस्ट २०२४ मध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेले, आणि त्यासाठी टेलिव्हिजनच्या पैशावर त्यांनी नऊ वर्षे पाणी सोडले. त्या अटलांटिक किनाऱ्यावर आता कॅलिफोर्नियाची दोन विद्यापीठे आहेत! २०१२ मध्ये ए अँड एम आग्नेयेकडे गेले, आणि १८९४ पासूनचा तो सामना २०११ च्या २४ नोव्हेंबरला थांबला. पुढे तेरा वर्षे दोन्हीकडची मुले एकमेकांच्या नावाची गाणी म्हणत राहिली, फक्त समोर ती दोघे नव्हती.

त्यांच्यात काय होते हे १९९९ साली दिसले होते. टेक्सासशी सामना होण्याआधी ए अँड एमचे विद्यार्थी लाकडांची प्रचंड होळी रचीत. १८ नोव्हेंबरला पहाटे ती रास कोसळली आणि बारा जण दगावले. सामन्याच्या दिवशी टेक्सासच्या बँडने शोकगीत वाजवले आणि मैदान सोडताना वादकांनी टोप्या उतरवून हातात घेतल्या. ए अँड एमचे लोक आजही सामन्याच्या निकालाआधी त्या टोप्यांची गोष्ट सांगतात.

२०२४ च्या जुलैत टेक्सासही आग्नेयेच्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाले. नोव्हेंबरात आधी फेयेटव्हिलला जाऊन त्यांनी आर्कान्साला हरवले, आणि ३० तारखेला ए अँड एमशी गाठ पडली. तिघे जुने सोबती पुन्हा एका छपराखाली आले, पण परक्याच्या.

त्या रात्री टेक्सासने सतरा-सात असा विजय मिळवला. माझा जावई ओरडून ओरडून घसा बसवून घेता झाला. यजमान शांतपणे पाहत होते. सामना संपल्यावर दोन्ही पक्षांची माणसे मैदानावर एकमेकांना ढकलू लागली, तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. म्हणाले, "चला, बोलाचाली सुरू झाली म्हणायची."

मग त्यांनी टेलिव्हिजन बंद केला आणि आम्हांला दारापर्यंत पोहोचवायला आले. टोपी अजून माझ्याच हातात होती. मी ती परत करू लागलो, तर म्हणाले, "राहू दे तुम्हांला. इंदूरला कोणी विचारले, तर सांगा, हेही एके काळी टेक्सासशी खेळत असत."